शिफ्ट विचारणाऱ्या बाई

तारीख: १९६१ च्या जुलैतला पहिला सोमवार, सकाळी अकरा. जागा: भिलाईत मरोद्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेली पत्र्याची शेड. तीत आमची प्राथमिक शाळा, आणि शेडच्या शेवटच्या भागात पहिलीचा वर्ग.

हजर: पम्मी, फोरमन सरदारजींची मुलगी, दोन वेण्या, आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा. बेबी, भंडाऱ्याकडून आलेल्या, बांधकामावरच्या एका खलाशाची मुलगी, आवाज जवळजवळ नाहीच. बुधराम, इथल्याच गावातल्या म्हशीवाल्याचा मुलगा. बाकीची तेलुगू, बंगाली, मल्याळी, बिहारी मुलं, आपापल्या आयांनी डोक्यावर तेल थापून पाठवलेली. मी, दुर्गची, मॅट्रिक पास, त्याच दिवशी मदतनीस म्हणून रुजू झालेली. आणि बाई.

गैरहजर: हेडमास्तर. ते बाईंच्या वर्गात शक्यतो येत नसत.

बाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. मूळच्या रायपूरच्या. नऊवारी लुगडं, मोकळं कपाळ, आणि पायात पुरुषांचे खाकी कॅनव्हासचे बूट. बांधकामाचे दिवस, चार महिने लाल चिखल आणि आठ महिने लाल धूळ. "चपला चिखलाले देऊन देऊन थकली मी," असं सांगून त्यांनी ते बूट घेतले होते, आणि ते त्या लग्नाकार्यालाही घालून जात. मुलं त्यांना बड़ी बहनजी म्हणत. त्या दिवसापासून मी छोटी बहनजी झाले.

त्यांनी हजेरीचं रजिस्टर माझ्या हातात दिलं. "हे तू भर. हेडमास्तराले लागते. मले दुसरी हजेरी घ्याची आहे." मग खडू उचलून त्या मुलांकडे वळल्या आणि ओरडल्या, "ए शिफ्ट, हाथ ऊपर!"

काही हात वर झाले. ती मुलं उठून खिडकीजवळ बसली. "बी शिफ्ट!" ती फळ्यासमोर. "सी शिफ्ट!" ती सगळ्यात मागे, भिंतीला टेकून.

"बाई, एवढी लहान मुलं तीन पाळ्यांत येतात?" मी विचारलं.

"पोरायच्या नाही वो, बापायच्या पाळ्या," बाई म्हणाल्या. "बाप ज्या शिफ्टले, घर त्या शिफ्टले. घर कोण्या शिफ्टले आहे हे माहीत नसन तं पोराले काय शिकवशीन?"

हे त्यांचं सगळं शिक्षणशास्त्र. मी नंतर बरीच प्रशिक्षणं घेतली, जाड पुस्तकं वाचली. याहून उपयोगी वाक्य मला सापडलेलं नाही.

ज्यांना त्या दिवसांची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. ए म्हणजे सकाळी सहा ते दुपारी दोन. बी म्हणजे दोन ते रात्री दहा. सी म्हणजे दहापासून सकाळी सहापर्यंत. दर आठवड्याला पाळी बदलायची आणि तिच्याबरोबर घरातली झोप, जेवण, चहा सगळं बदलायचं. सी शिफ्टचा बाप सकाळी येऊन झोपला की एका खोलीच्या घरात मुलांना खोकायचीही चोरी. आमचा वर्ग अकराला भरायचा. तोवर ती मुलं तासन् तास तोंड दाबून बसलेली असायची. म्हणून सी शिफ्टच्या रांगेला त्या आठवड्यात ओरडायचं काम: पाढे, गाणी, मोठ्यानं वाचन, डबा वाजवून ठेका. आमच्या वर्गात कुणी कुणाला "चूप" म्हणालेलं मी कधी ऐकलं नाही. एकदा शेजारच्या दुसरीच्या मास्तरांनी येऊन तक्रार केली तेव्हा बाई म्हणाल्या, "सकाळपासून चूपच आहेत मास्तर ते. इथंबी चूप केलं तं फुटतीन."

ए शिफ्टवाल्यांचा बाप दुपारी घरी येऊन मोकळा असायचा. त्या रांगेला गृहपाठ, आणि तो नेहमी बापाला विचारून आणायचा: क्रेनला हात किती, आज काय उचललं, जेवताना शेजारी कोण बसलं. बी शिफ्टच्या मुलांची संध्याकाळ बापाविना जायची. त्यांनी पाटीवर दिवसभरात शिकलेलं काही लिहायचं किंवा काढायचं, आणि ती पाटी झोपण्यापूर्वी बापाच्या झाकलेल्या ताटाखाली ठेवायची. रात्री जेवताना त्यानं ती पाहायची आणि खाली आपलं काहीतरी काढायचं. ज्यांना अक्षर येत नव्हतं ते बापही काढायचे. मंगळवारी सकाळी वर्गात क्रेनची, रेल्वेच्या डब्यांची, मुकादमाच्या मिशांची चित्रं यायची. बाई मुलांना शिकवत होत्या की बापांना, हे मला कितीतरी दिवस कळलं नव्हतं.

बुधरामच्या बापाला शिफ्ट नव्हती. शाळा कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांची, त्यामुळे नियमानं बुधरामही त्यात बसत नव्हता; बाईंनी त्याला न विचारता बसवून घेतलं होतं. पहिल्या दिवशी तीनही वेळा त्याचा हात खाली राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. बाईंनी कमरेवर हात ठेवून विचार केला आणि म्हणाल्या, "तेरी डी शिफ्ट. सूरज के साथ जाना, सूरज के साथ आना." डी शिफ्टचा तो एकटा. त्याला वर्गात कुठंही बसायची मुभा होती आणि त्याबद्दल बाकीची मुलं त्याच्यावर जळायची.

आता बाईंची खोट. ऑफिसात काम करणाऱ्यांची जनरल शिफ्ट असायची, नऊ ते पाच. त्या मुलांत बाईंना काडीचा रस नव्हता. "बाप सकाळी जाते, संध्याकाळी येते, इतवारी घरी राहते. त्यायले काय शिकवाचं? होतीन आपोआप मोठे." त्यांना दाराजवळ बसवायचं आणि पाणी आणायला, खडू आणायला पिटाळायचं. हा सरळ अन्याय होता. मी तो त्यांना सांगितला. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. मंग घे तू त्यायले," आणि जनरलची अख्खी रांग त्या दिवसापासून माझी झाली.

एकदा तपासणीला एक साहेब आले. बाईंनी त्यांना नमस्कार करायच्या आधी विचारलं, "आपकी कौन सी शिफ्ट?"

"जी? मेरी?"

"रात का काम है कि दिन का?"

"दिन का. जनरल."

"जनरल वाले दरवाज़े के पास," पम्मी मागून ओरडली. साहेब खरंच दाराजवळच्या तरटाच्या टाटपट्टीवर जाऊन बसले, मांडी घालून, आणि तास संपेपर्यंत तिथंच राहिले. जाताना त्यांनी शेऱ्यात काय लिहिलं ते हेडमास्तरांनी आम्हाला वाचू दिलं नाही. बाईंनीही विचारलं नाही.

आठवड्याचा क्रम मात्र पक्का असायचा. मंगळवारी नवं अक्षर. ते अक्षर असलेला शब्द प्रत्येकानं आपल्या घरच्या भाषेतून आणायचा, म्हणजे "म" ला मासेही यायचे आणि चकलीसारखा मुरुक्कूही. बुधवारी मोजणी, रस्त्यात सापडलेल्या लोखंडी वायसर आणि रिबिटांवर. गुरुवारी हातकाम. शुक्रवारी फेरी, म्हणजे सगळा वर्ग घेऊन बाहेर. शनिवारी गोष्ट: एका मुलानं आपल्या भाषेत सांगायची, ज्यांना कळली त्यांनी हसायचं, ज्यांना नाही कळली त्यांनी हसणाऱ्यांना विचारायचं. मी हे सगळं चौकटी आखून सुंदर अक्षरात कागदावर उतरवलं आणि भिंतीला लावलं. बाईंनी वाचलं, "झकास अक्षर आहे तुझं" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदात कुणाला तरी फुटाणे बांधून दिले.

हा क्रम बाईंनी मोडलेला मी एकदाच पाहिला. बेबीसाठी.

बेबीचा बाप खलाशी होता. खलाशी म्हणजे उंच सांगाड्यावर चढून लोखंडी तुळया दोरांनी ओढून जागेवर बसवणारा माणूस. पम्मीचे वडील, फोरमन सरदारजी, त्याच टोळीचे. त्यामुळे सोमवारच्या हजेरीत पम्मी जी शिफ्ट म्हणायची तीच बेबीची असायची. पम्मी गरजायची, तिच्या मागून बेबी ओठ हलवायची.

पावसाळा उतरणीला लागला होता. एका सोमवारी पम्मी म्हणाली "सी," आणि बेबी म्हणाली "बी". टोळी बदलली असेल म्हणून बाईंनी तिला बीच्या रांगेत बसवलं. पुढच्या सोमवारी दोघीही बी. त्याच्या पुढच्या सोमवारी पम्मीनं "ए" ठोकलं.

"बेबी?" बाईंनी विचारलं.

"बी."

बाईंच्या हातातला खडू थांबला. "फिर से बी?"

"जी. बी."

बाईंनी तिची पाटी मागितली. पाटीवर बेबीनं काढलेलं घर होतं, खाली काही नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेल्या कित्येक दिवसांत तिची पाटी जशी जायची तशीच परत येत होती. याआधी तिचा बाप सगळ्यात छान क्रेन काढायचा.

"कोण्या फोरमनच्या राज्यात माणूस तीन हप्ते बी करते?" बाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "संध्याकाळी तू दुर्गच्या बसले जाऊ नको. माह्यासंग चाल."

बेबीच्या घरी तिची आई दारात तांदूळ निवडत बसली होती. बाई तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या आणि सुपातले खडे वेचायला लागल्या.

"मालक कुठं आहेत वो?"

"ड्यूटीवर. बी शिफ्ट आहे ना."

"मागच्या हप्त्यात?"

"बीच."

"अन् त्याच्याही मांगच्या?"

बेबीच्या आईनं सूप खाली ठेवलं. "टोळी बदलली म्हणते. एक वाजता डबा घेऊन निघते, साडेदहाले येते. डबा खाली करून आणते बाई."

बाईंनी अंगणातल्या दोरीकडे पाहिलं. कामाचा सदरा वाळत होता, स्वच्छ. "ग्रीस नाही दिसत कपड्याले."

"नाही," ती म्हणाली. "पंधरा दिवसांपासून नाही."

"मंग विचारलं नाही तुम्ही?"

"विचारलं तं सांगाच लागन ना त्याले," ती अगदी हळू म्हणाली. "मंग मी काय करू? माहीत नाही तोवर तं घर चालू आहे."

आत बेबी भिंतीकडे तोंड करून "ग" गिरवत बसली होती. बाई तिच्याशी काही न बोलता उठल्या.

रस्त्यात त्या झपाझप चालत होत्या. "तो कामावर जात नाही. अजून काही दिवस गेले तं नाव कटन. नाव कटलं का क्वार्टर जाईन. क्वार्टर गेलं का हे लोक गावाले. अन् गावाले गेली तं बेबी परत शाळेत पाय ठेवन असं वाटते तुले?"

"पण तो जातो कुठं?"

बाई एकदम थांबल्या. "शनिवारची गोष्ट," त्या म्हणाल्या. "बुधरामची."

मलाही आठवली. बुधरामनं छत्तीसगढीत सांगितलं होतं, "तरिया पार म एक झन बइठे रहिथे. डोरी ल गठियाथे, छोरथे, फेर गठियाथे. भइंसी मन घलो ओला देखथें." तळ्याच्या काठी एक माणूस बसलेला असतो, दोराला गाठ मारतो, सोडतो, पुन्हा मारतो, म्हशीसुद्धा त्याच्याकडे बघत राहतात. वर्गात छत्तीसगढी समजणारे थोडे, पण म्हशींच्या नजरेची बुधरामनं अशी नक्कल केली होती की सगळेच हसले होते. बेबीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, अक्षराचा. बाईंनी दुपारी मुलांना उभं केलं आणि म्हणाल्या, "आज फेरी."

हेडमास्तर दारात आले. "बहनजी, फेरी तो शुक्रवार को होती है."

"हाँ जी," बाई म्हणाल्या आणि बुटांचे बंद आवळले. "बुधराम, सामने चल. तेरी भैंसें दिखा."

तळ्याच्या बांधावर एका बाभळीखाली तो बसला होता. शेजारी डबा, मांडीवर दोर. सगळा वर्ग बांधावर चढला तेव्हा त्यानं मान वर केली, आणि बेबी किंचाळली, "बाबा!" मी तिचा एवढा आवाज प्रथमच ऐकला. तो धडपडत उठला. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. दुपारचे तीन वाजलेले, अंगात कामाचा सदरा, आणि समोर स्वतःची मुलगी.

बाई पुढं झाल्या आणि दोन्ही हात जोडून मोठ्यानं म्हणाल्या, "माफ करा भाऊ, आम्हाले उशीर झाला. पोरायले गाठी शिकवाचं ठरलं होतं ना आपलं आज?"

तो बाईंकडे बघत राहिला. बेबी त्याच्याकडे बघत होती. तळ्यातली एक म्हैस फुरफुरली.

"हो बाई," तो म्हणाला. "मी वाटच पाहून राहिलो होतो."

मग तो खाली बसला आणि त्यानं मुलांना गाठी शिकवल्या. डबा बांधायची, बादली उतरवायची, बैल बांधायची. "ओढली का कसते, ढिली केली का सुटते. पण जिवाच्या कामाले ही नाही चालत, तिथं ही दुसरी." पम्मीनं बुधरामला झाडाला बांधलं आणि सोडवायला विसरली. बेबी बापाच्या गुडघ्याला टेकून प्रत्येक मुलाला सांगत होती, "ये मेरे बाबा हैं, स्कूल में पढ़ाने आए हैं."

मुलं गुंतली तेव्हा बाई त्याच्याजवळ जाऊन बसल्या. मी शेजारीच होते.

"काय झालं भाऊ? पडले का?"

"पडलो असतो तं सांगाले काही असतं," तो दोराकडे बघत म्हणाला. "काहीच नाही झालं बाई. रोजच्यासारखा वर गेलो. अन् पाय उचलेच ना. हात सुटेना पाइपाचा. दोघायनं धरून उतरवलं मले, लेकरावानी. सारी टोळी पाहून राहिली होती. दुसऱ्या दिवशी गेटपर्यंत गेलो अन् परत आलो."

"अन् घरी?"

"घरी काय सांगू? सी म्हटलं तं रातभर कुठं बसू? ए म्हटलं तं पहाटेचा अंधार. म्हणून म्हटलं, टोळी बदलली, बी आहे."

"अन् बदलली नाही कावून मंग? तीन हप्ते बी कोण करते?"

त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अरे बापा," तो म्हणाला. "शिफ्ट बदलाची असते हे ध्यानातच नाही राहिलं."

बाईंना हसू आवरेना. मग तोही हसला, आणि हसता हसता त्यानं तोंड फिरवलं. बाई तळ्याकडे बघत बसल्या आणि त्याला वेळ दिला.

"खाली राहून दोर बांधाचं काम येते का नाही?" त्यांनी शेवटी विचारलं.

"येते ना. पण खाली बसवते कोण? खलाशी म्हणजे वर जाणारा."

"ते मी पाहतो," बाई म्हणाल्या. रागात किंवा निश्चयात असल्या की त्या पुरुषी बोलायच्या.

परतताना त्यानं सगळ्या मुलांना एका लांब दोरावर ओवून दिलं, प्रत्येकाच्या हाताला एक सैल फास. रस्त्यानं लॉऱ्या धूळ उडवत चालल्या होत्या. एकही मूल रांगेतून फुटलं नाही. मी फेरीला दोर नेते तो तेव्हापासून.

त्या आठवड्यात पम्मी ए शिफ्टच्या रांगेत होती. बुधवारी तिला गृहपाठ मिळाला: बापाला घेऊन येणे. चार वाजता फोरमन सरदारजी आले, आंघोळ करून, दाढीला जाळी लावून. बाईंनी त्यांना टाटपट्टीवर बसवलं.

"सरदारजी, नीचे रस्सी कौन बाँधता है?"

"खलासी बाँधते हैं, और कौन."

"तो मेरे वाले को नीचे रखो."

सरदारजींना लगेच कळलं कुणाबद्दल. ते गंभीर झाले. "बहनजी, बंदा अच्छा है. पर दो हफ़्ते से ऊपर हो गया, बिना बताए ग़ायब है. मैं काग़ज़ में क्या दिखाऊँ?"

"बीमार था. मैं लिख के देती हूँ."

"आप डॉक्टर हो?"

"नहीं. पहली की बहनजी हूँ."

"तो आपका लिखा कौन मानेगा?"

"कोई नहीं," बाई म्हणाल्या. "पर आप तो मानोगे. आपकी बेटी मेरे पास बैठती है."

सरदारजींनी पम्मीची पाटी उचलून पाहिली. पाटीवर पम्मीनं काढलेला एक पगडीवाला क्रेन चालवत होता. "ऊपर पैर सबके अटकते हैं, बहनजी," ते हळू म्हणाले. "मेरे भी अटके थे एक बार. किसी को बताया नहीं." ते उठले आणि पगडी नीट केली. "अगले हफ़्ते की शिफ्ट से आए. टोली के साथ. ऊपर नहीं भेजूँगा. बीमारी का मैं देख लूँगा."

बाईंनी हा निरोप बेबीच्या घरी स्वतः नेला नाही, मलाही नेऊ दिला नाही. सरदारजींनाच पाठवलं. "माह्या तोंडून ऐकलं तं उपकार होते," त्या म्हणाल्या. "फोरमनच्या तोंडून ऐकलं तं ड्यूटी होते."

पण तो जाईल की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. याआधीही तो गेटपर्यंत जाऊन परत आलाच होता.

सोमवारी सकाळी बाई नेहमीपेक्षा लवकर आल्या आणि फळा दोनदा पुसला. अकराला हजेरी सुरू झाली. ए. बी. बीला बेबीचा हात वर आला नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"सी शिफ्ट."

"सी!" पम्मी गरजली.

त्या आठवड्यात टोळीची रात्रपाळी होती, पण ती रविवारी रात्रीच लागलेली. म्हणजे तो गेला असेल तर पहाटे घरी आलेला असणार. बेबी उठली. सकाळभर घरात चूप बसलेल्या मुलाचा चेहरा मी आता कुठंही ओळखते: गाल जरा फुगलेले, नजर दाराकडे.

"सी," ती म्हणाली. "बाबा झोपून आहेत."

ती मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसली. त्या आठवड्याचं ओरडायचं काम दोनचा पाढा होता. बाईंनी डबा तिच्या हातात दिला. "बजा. और बोल."

बेबीनं डबा एकदा हळूच वाजवला. मग जोरात. "दो एकम दो" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की दुसरीचे मास्तर दारात येऊन उभे राहिले. बाई खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. लुगड्याचा पदर त्यांनी नाकाला लावला होता, आणि मास्तरांना हातानंच "नंतर" अशी खूण केली.

दिवाळीनंतर एका दुपारी बेबीचे बाबा शाळेत आले. गुरुवारच्या हातकामासाठी टाकाऊ दोरांचं एक वेटोळं आणलं होतं. आता ते जमिनीवर दोर बांधण्याचं काम बघत. सदऱ्याला ग्रीस होतं. दोर ठेवून ते अंगणात झेंड्याच्या खांबाखाली उभे राहिले. साल झाडाच्या लाकडाचा उंच खांब, वरच्या कप्पीत जुनी दोरी अडकून बसलेली. आमच्याकडे तिथपर्यंत पोचेल अशी शिडी नव्हती.

"कप्पी जाम आहे बाई," ते म्हणाले. "वर जाऊन काढा लागन."

"हो."

ते कितीतरी वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "मी करून देतो. पण आता नाही."

"घाई नाही," बाई म्हणाल्या. "खांब तुम्हालेच दिला." आणि माझ्याकडे वळून, "लिही तुह्या यादीत."

शाळेच्या राहिलेल्या कामांची यादी मी वहीत ठेवत असे, तीत लिहिलं.

२६ जानेवारी जवळ आली तेव्हा हेडमास्तरांनी शिपायाला वर चढायला सांगितलं. शिपाई तरणा होता, धोतर खोचून तयार होता. बाई जाऊन खांबाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "खंभा दिया हुआ है," त्या म्हणाल्या.

"किसको दिया है?"

"जिसका काम है उसको."

"बहनजी, ये दो मिनट का काम है!"

"आपके लिए," बाई म्हणाल्या.

त्या वर्षी झेंडा खांबाला बांधलेल्या बांबूवर लागला. पुढच्या वर्षीही. लोक हसायचे. बाई निवृत्त होऊन रायपूरला पुतण्याकडे गेल्या तेव्हा वर्ग माझ्याकडे आला. त्यांनी मला रजिस्टर समजावून दिलं नाही, कपाटाची किल्ली कुठं असते तेही सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "खांब पाहशीन." दोन वर्षांनी त्या वारल्या.

बेबी पहिली, दुसरी, मॅट्रिक, सगळं झाली. आता ती नागपूरला असते. तिचे बाबा इथंच आहेत, केस पांढरे, हाताखाली दोर बांधणारी माणसं. दर वर्षी जानेवारीत एकदा ते शाळेत येतात, खांबावर तळहात ठेवून उभे राहतात आणि वर बघतात. मग माझ्याकडे येऊन म्हणतात, "पुढच्या साली पाहू बहनजी." मी म्हणते, "घाई नाही."

यंदा नवे हेडमास्तर आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून विचारलं की झेंड्याच्या खांबाला बांबू का बांधलेला आहे, आणि साध्या कप्पीसाठी कंत्राटदार बोलावायला काय हरकत आहे. मी त्यांना सांगितलं, खांब दिलेला आहे. त्यांनी विचारलं, त्या माणसानं नाही केलं तर? मी म्हटलं, तर बांबू आहे.

माझ्या यादीतली बाकीची कामं मी वर्षअखेरीस खोडते. हे दर वर्षी नव्या पानावर उतरवून घेते: झेंड्याचा खांब, कप्पी मोकळी करणे. बेबीचे बाबा. बाकी.